देओग्रातियसचा कंटाळा

इसवी सन 400 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरातून हिप्पो या बंदराच्या गावी एक विनंती आली. करणारा देओग्रातियस नावाचा डीकन, म्हणजे चर्चमधला धर्मगुरूचा सहायक. ज्याला केली तो हिप्पोचा बिशप ऑगस्टीन, वय पंचेचाळीसच्या आसपास. ऑगस्टीनने त्याला दिलेले लांबलचक उत्तर टिकले आहे, आणि उत्तराच्या आरंभीच देओग्रातियसचे म्हणणे काय होते हेही त्याने नोंदवून ठेवले आहे.

देओग्रातियस काही अपयशी शिक्षक नव्हता. ख्रिस्ती होऊ पाहणारी नवखी माणसे पहिल्या शिकवणीसाठी कार्थेजमध्ये त्याच्याकडेच आणली जात. याचे ज्ञान पक्के आणि बोलणे गोड, अशी त्याची ख्याती होती. तक्रार वेगळीच होती. बोलता बोलता त्याला स्वतःचेच बोलणे लांबट आणि मिळमिळीत वाटू लागे. समोरच्याचे सोडाच, आपल्यालाच आपला कंटाळा येतो, असे त्याचे म्हणणे. शिवाय काही व्यावहारिक शंका होत्या : कथा कोठून सुरू करावी, कोठे थांबवावी, शेवटी उपदेश जोडावा की नुसते आचाराचे नियम सांगून मोकळे व्हावे?

या विनंतीला उत्तर म्हणून लिहिलेल्या छोट्या पुस्तकाचे नाव ‘दे कातेकिझांदिस रुदिबुस’, म्हणजे ‘नवख्यांना शिकवण्याविषयी’. ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’चे किंवा ‘देवाची नगरी’ या ग्रंथाचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. हे पुस्तक त्यांच्या सावलीत राहून गेले. पण ख्रिस्ती परंपरेत चांगला शिक्षक कशाला म्हणतात, याचा शोध घेणाऱ्याने ते प्रथम उघडावे असे मला वाटते. एक तर लिहिणारा माणूस आयुष्याची बारा-तेरा वर्षे पगारी मास्तर होता. आणि दुसरे म्हणजे, शिक्षणाचे सर्वांत कोवळे आणि सर्वांत कठोर असे दोन्ही विचार या एकाच माणसाच्या लेखणीतून उतरले आहेत. त्या दोहोंचा मेळ त्याला शेवटपर्यंत घालता आला नाही.

ऑगस्टीनचा जन्म 354 सालचा, तागास्ते या लहानशा गावातला. आज ते अल्जीरियात सूक अहरास या नावाने ओळखले जाते. आई मोनिका ख्रिस्ती, वडील पात्रिशियस जुन्या रोमन धर्माचे. घर फार श्रीमंत नव्हते, पण मुलाने शिकून मोठे व्हावे ही महत्त्वाकांक्षा मोठी. तेव्हा शिकणे म्हणजे लॅटिन व्याकरण, व्हर्जिल, थोडी ग्रीक, आणि पुढे वक्तृत्वशास्त्र. आणि शिकवणे म्हणजे मुख्यतः मारणे. ‘कन्फेशन्स’च्या पहिल्या भागात ऑगस्टीन सांगतो की त्याने देवाला केलेली पहिली प्रार्थना ही शाळेत मार पडू नये यासाठी होती. इतका लहान मुलगा, आणि इतकी मोठी कळकळ. प्रार्थना फळली नाही की घरची मोठी माणसे हसत, आईवडीलही हसत. हे हसणे त्याच्या मनात चाळीस वर्षांनीही सलत होते. तो लिहितो की गुन्हेगारांना ताणण्याचा घोडा आणि अंग ओरबाडणारे लोखंडी आकडे यांना लोक जितके भितात तितकेच आम्ही मुले मास्तरांच्या माराला भीत होतो, आणि तरीही मोठ्यांना ती गंमत वाटत असे. हा घोडा आणि हे आकडे लक्षात ठेवावेत. पुढे ते पुन्हा येणार आहेत.

मार कशासाठी, तर खेळण्यासाठी. अभ्यास सोडून चेंडू खेळला म्हणून मारणारा मास्तर स्वतः कसा होता? एखाद्या व्याकरणाच्या मुद्द्यावर दुसऱ्या मास्तराने त्याला हरवले, की चेंडूच्या डावात हरलेल्या पोरापेक्षा तो जास्त जळफळे. ऑगस्टीनचा चिमटा तेवढाच, पण वर्मी लागणारा.

त्याच भागात भाषेविषयीचा एक उतारा आहे, आणि शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. त्याला ग्रीक येईना; होमरसारखा गोड कवी त्याला कडू लागला, कारण प्रत्येक शब्दामागे छडी उभी होती. लॅटिनही त्याला जन्मतः येत नव्हतीच. पण ती तो दायांच्या लाडात, माणसांच्या थट्टामस्करीत, हसऱ्या चेहऱ्यांमध्ये शिकला. मनातले काही सांगायचे होते आणि समोर ऐकणारे होते, म्हणून शिकला. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष स्पष्ट आहे : शिकण्याच्या कामी भीतीच्या सक्तीपेक्षा मोकळे कुतूहल अधिक बळाचे ठरते. एवढ्यावर तो थांबता तर पुष्कळ बरे झाले असते. लगेच पुढच्या वाक्यात तो म्हणतो की या मोकळ्या कुतूहलाला आवर घालणारी सक्तीही देवाच्याच नियमांतली आहे, मास्तरांच्या छडीपासून हुतात्म्यांच्या छळापर्यंत. अनुभव एक सांगतो आणि सिद्धांत दुसराच. वाचताना तिथे पाय अडखळतो.

पुढे तो स्वतः मास्तर झाला. आधी तागास्तेत, मग कार्थेजमध्ये. कार्थेजचे विद्यार्थी उधळे. दुसऱ्याच्या वर्गात घुसून धुडगूस घालणाऱ्यांची एक टोळीच होती आणि त्या टोळीला त्याचा अभिमानही होता. 383 मध्ये तो रोमला गेला, कारण तिथली मुले शिस्तीची असे ऐकले होते. शिस्त होती खरी. पण फी द्यायची वेळ आली की सगळी मिळून मास्तर बदलत! शेवटी 384 मध्ये मिलान शहरात वक्तृत्वशास्त्राची सरकारी जागा मिळाली. दोन वर्षांत तीही सोडली. छातीचे दुखणे हे निमित्त. मनातून तो या धंद्याला, शब्द विकण्याच्या दुकानाला, विटला होता. द्राक्षतोडणीच्या सुट्टीला थोडेच दिवस उरले होते, तेवढे कसेबसे ढकलून त्याने गुपचूप राजीनामा दिला.

या वर्षांतला एक प्रसंग त्याने मुद्दाम टिपून ठेवला आहे. अलीपियस हा त्याच्याच गावचा, वयाने लहान. कार्थेजला रथांच्या शर्यतींचे वेड लागून तो वाया चालला होता. ऑगस्टीनला वाईट वाटे, पण अलीपियसच्या वडिलांशी त्याचा काही कारणाने बेबनाव झालेला, त्यामुळे हक्काने बोलायची सोय नव्हती. मुलगा मात्र अधूनमधून वर्गात डोकावे, नमस्कार करून थोडे ऐके आणि निघून जाई. एके दिवशी असाच येऊन बसला. ऑगस्टीन एक उतारा समजावून देत होता. मुद्दा ठसावा म्हणून त्याने शर्यतींचा दाखला दिला आणि त्या वेडाने झपाटलेल्यांची जरा टर उडवली. अलीपियस त्या क्षणी त्याच्या मनातही नव्हता. पण अलीपियसने ते स्वतःवर घेतले. दुसरा कोणी मास्तरावर चिडला असता. हा स्वतःवर चिडला, शर्यती सोडल्या, वडिलांचे मन वळवून ऑगस्टीनचा रीतसर विद्यार्थी झाला. (पुढे रोममध्ये मित्रांनी ओढून नेल्यावर त्याला तलवारबाजांच्या खेळांचे वेड लागले, तेव्हा हा गुण कायमचा होता असे नव्हे.) वर्षानुवर्षे वक्तृत्वाचे डावपेच शिकवणाऱ्या माणसाच्या हातून जो सर्वांत मोठा परिणाम घडला, तो त्याच्या नकळत घडला. परिणाम मास्तराने साधला नव्हता. ऐकणाऱ्याच्या आत काहीतरी झाले होते.

आणि तो स्वतः कसा शिकला? मिलानचा बिशप अँब्रोज याचे प्रवचन ऐकायला तो जाई ते बोलण्याची ढब पारखायला, एक कारागीर दुसऱ्याची हत्यारे पाहायला जातो तसा. आशयाकडे लक्षच नव्हते. पण ढबीच्या मागून आशयही आत शिरला. अँब्रोज त्याला पहिल्यांदा आवडला तो सत्याचा शिक्षक म्हणून नव्हे. परक्या गावी आलेल्या आपल्याशी हा माणूस मायेने वागला, म्हणून. एकांतात मनसोक्त बोलण्याची संधी तर जवळपास मिळालीच नाही. दार उघडे असे, अँब्रोज ओठ न हलवता वाचत बसलेला असे, लोक थोडा वेळ गुपचूप पाहत बसत आणि उठून जात. 387 च्या ईस्टरला त्याच अँब्रोजच्या हातून ऑगस्टीनने बाप्तिस्मा घेतला. सोबत अलीपियस होता, आणि ऑगस्टीनचा मुलगा अदेओदातुसही.

हा मुलगा विवाहाबाहेर जन्मलेला, विलक्षण बुद्धीचा. 389 च्या सुमारास आफ्रिकेत परतल्यावर बापलेकांत झालेला संवाद ‘दे माजिस्त्रो’, म्हणजे ‘गुरूविषयी’, या नावाने लिहिला गेला. त्यातली मुलाच्या तोंडची सगळी मते खरोखर त्याचीच आहेत, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, असे ऑगस्टीन पुढे आवर्जून सांगतो. त्यानंतर थोड्याच काळात मुलगा गेला. संवादाचा विषय कोरडा वाटतो : शब्दांनी काही शिकवता येते का? बाप वळणे घेत घेत मुलाला अशा जागी आणतो की शब्द म्हणजे नुसत्या खुणा. खूण कशाची हे आधी ठाऊक नसेल तर शब्द हा केवळ आवाज. मास्तर बोलतो, विद्यार्थी ऐकतो, आणि मग ते खरे की खोटे हे आपल्या आत पडताळून पाहतो. तो पडताळा म्हणजे शिकणे. आत जो उजेड आहे तो ख्रिस्त, खरा गुरू तोच. बाहेरचा मास्तर फार तर बोट दाखवणारा. आपल्या मुलाला मास्तरांची मते कळावीत म्हणून शाळेत पाठवण्याइतका खुळा बाप कोण असेल, असेही तो तिथे विचारतो. ऐकणे आणि कळणे यांत फार थोडे अंतर असते, म्हणून कळल्याचे श्रेय आपण बाहेरच्या आवाजाला देऊन टाकतो.

मत्तयच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना बजावतो की तुम्ही स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एकच. ऑगस्टीनने हे वचन शब्दशः घेतले. बिशप झाल्यावर आपल्या श्रोत्यांना तो सांगे की या उंच आसनावरून आम्ही तुम्हाला शिक्षक दिसतो खरे, पण त्या एका गुरूच्या शाळेत आम्ही तुमचे सहाध्यायी आहोत. ख्रिस्ती दृष्टीने शिक्षकाचा विचार करताना इथे थांबावे लागते. शिक्षक जर खरोखर सहाध्यायी असेल, आणि कळणे जर समोरच्याच्या आतच घडत असेल, तर शिक्षकाच्या हातात उरते काय?

देओग्रातियसला दिलेले उत्तर म्हणजे या प्रश्नाचा पुढचा भाग आहे.

सुरुवातीलाच ऑगस्टीन त्याला आपल्या पंक्तीला बसवतो. मलाही माझे बोलणे जवळजवळ नेहमीच नावडते, असे तो सांगतो. मनात विजेसारखे लख्ख काहीतरी चमकून जाते, आणि जीभ मागून रखडत येते. ती पोचेपर्यंत वीज लपलेली असते. बोलणाऱ्याला त्या विजेची आठवण असते म्हणून शब्द फिके वाटतात. ऐकणाऱ्याला मात्र ते तितके फिके लागत नसतात. लोक पुन्हा पुन्हा ऐकायला येतात यावरून मी हे ओळखतो, आणि तुझ्याकडेही लोक आणले जातात यावरून तू ओळख. निराश शिक्षकाला असा धीर देणे सोपे नाही; तो खोटा वाटू शकतो. इथे वाटत नाही, कारण सांगणारा तोच आजार अंगावर काढलेला आहे.

कथा कोठून सुरू करावी याला तो चटकन उत्तर देतो : सृष्टीच्या उत्पत्तीपासून चर्चच्या आजच्या दिवसापर्यंत, पण सगळे पाठ म्हणून दाखवू नये. महत्त्वाच्या जागी रेंगाळावे, बाकीचे भरभर पार करावे, आणि सगळ्याचे टोक प्रेमाकडे असावे. पण यापेक्षा अवघड प्रश्न, तो म्हणतो, हा की शिकवणारा आनंदाने कसा शिकवील. त्यासाठी त्याने वापरलेला शब्द ‘हिलारितास’. या शब्दात प्रसन्नता आहे, खेळकरपणाही आहे. आणि मग तो शिक्षकाच्या कंटाळ्याची चिकित्सा करतो. कारणे सहा सांगतो. वरच्या पातळीवरून खाली उतरून बोलावे लागते. आयत्या वेळी बोलताना चूक होईल अशी धास्ती असते. तेच ते पुन्हा सांगावे लागते. समोरचा ढिम्म असतो. हातातले आवडते काम टाकून यावे लागते. किंवा आपलेच मन कुठल्या दुःखाने वा अपराधाने जड झालेले असते. सगळ्यांची औषधे इथे सांगत बसत नाही. दोन-तीन मात्र सांगितलीच पाहिजेत.

खाली उतरण्याचा कंटाळा येतो तेव्हा तो आईची आठवण करून देतो. बाळासाठी मोठ्यांनी शब्द तोडून बोबडे बोलावे यात काय मोठी मौज आहे? तरी माणसांना मुले हवी असतात. स्वतः मोठे घास खाण्यापेक्षा बाळाच्या तोंडात बारीक घास भरवणे आईला जास्त गोड लागते. ख्रिस्ताने देवपण बाजूला ठेवून माणसाच्या मापाचे होणे, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा त्याने या बोबड्या बोलांशी नेऊन जोडला आहे. शिक्षकाचे खाली येणे हे त्याच उतरण्याचे लहान रूप. त्याच्या लेखी ते नाइलाजाने करायची तडजोड नव्हे, धर्माचेच काम होते.

पुनरुक्तीच्या कंटाळ्यावरचा उपाय तर कोणत्याही धर्माच्या शिक्षकाने उचलावा असा आहे. आपल्या शहरातल्या, आपल्या शिवारातल्या ज्या जागांकडे आपण जातायेता ढुंकूनही पाहत नाही, त्या पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला दाखवताना आपला आनंद ताजा होतो की नाही? पाहुण्याच्या नवलातून आपल्यालाही ते नवे दिसते. आणि पाहुणा जितका जिव्हाळ्याचा तितके ते अधिक नवे दिसते. प्रेमात ऐकणारा जणू आपल्या तोंडून बोलतो आणि आपण त्याच्या कानांनी ऐकून शिकतो, असे काहीसे तो म्हणतो. सहाध्यायी म्हणजे काय, याचा इतका प्रांजळ खुलासा मला दुसरीकडे आढळलेला नाही.

समोरचा ढिम्म असेल तर? तो लाजला आहे का, भ्याला आहे का, त्याला समजलेच नाही का, की हे सगळे आधीच ठाऊक आहे, हे त्यालाच विचारावे आणि उत्तराप्रमाणे बोलणे बदलावे. फारच मंद असेल तर थोडक्यात अत्यावश्यक तेवढे सांगावे, आणि त्याच्याशी देवाविषयी बोलण्यापेक्षा देवाशी त्याच्याविषयी अधिक बोलावे. आणि जांभया देऊ लागला तर? इथे पुस्तकातली माझी सर्वांत आवडती जागा येते. त्या काळी आफ्रिकेतल्या चर्चमध्ये बिशप आसनावर बसे आणि लोक उभे राहून ऐकत. ऑगस्टीन सांगतो, एकदा मी एका खेडवळ माणसाला शिकवत असताना तो मधूनच निघून गेला. तेव्हापासून मला कळले की उभे राहून राहून माणूस थकतो आणि संकोचाने बोलत नाही. अशा वेळी काहीतरी प्रसन्न, हसवणारे बोलावे. आणि त्याला बसायला द्यावे. खरे तर आधीच द्यावे. समुद्रापलीकडच्या काही चर्चमध्ये लोकांनाही बसायला आसने असतात, ती रीत अधिक बरी. आणि वर तो एक दाखला देतो : प्रत्यक्ष प्रभू बोलत होता तेव्हा मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकत होती, मग आपल्यासारख्याचे बोलणे ऐकताना आपल्या भावाला उभे ठेवण्याची एवढी ऐट कशाला? कीर्तनाला बैठक मारून बसणाऱ्या आपल्या लोकांना यात विशेष वाटणार नाही. पण सत्ता आणि आसन यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे लहानसे वाक्य लहान वाटू नये.

खोट्या हेतूने येणाऱ्यांचाही तो विचार करतो. कोणाला मर्जी संपादायची असते, कोणाला एखादा तोटा टाळायचा असतो. बोलताना मात्र ते आपल्याला देवच हवा म्हणतात. त्यांना उघडे पाडू नये, असे तो सुचवतो; त्यांनी जे खोटे सांगितले तिथूनच सुरुवात करावी, इतकी की जे दाखवण्यापुरते होते ते खरोखर व्हावेसे त्यांना वाटेल. माणसावर इतका विश्वास टाकणारा शिक्षक विरळा.

हे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाच्या हाती थोड्याच वर्षांत वेगळ्या प्रकारची शक्ती आली. आफ्रिकेतल्या ख्रिस्ती समाजात चौथ्या शतकाच्या आरंभापासून फूट होती. छळाच्या काळात धर्मग्रंथ शत्रूच्या हाती देणाऱ्या धर्मगुरूंचे संस्कार आम्ही मानणार नाही, असे म्हणणारा डोनाटिस्ट पंथ गावोगावी होता. काही प्रदेशांत तोच बहुसंख्य होता. ऑगस्टीनचे आधीचे मत असे की कोणावर सक्ती करू नये. बोलावे, वाद घालावा, युक्तिवादाने जिंकावे. नाहीतर उघड विरोधकांचे आपण फक्त ढोंगी अनुयायी करून ठेवू. 405 मध्ये सम्राट होनोरियसने या पंथाविरुद्ध हुकूम काढला. दंड झाले, मालमत्ता गेली, आणि गावेच्या गावे परत आली. 408 च्या सुमाराच्या एका पत्रात तो कबूल करतो की माझे मत बदलले, आणि ते युक्तिवादाने नव्हे तर परिणाम पाहून बदलले. नुसते घाबरवले आणि शिकवले नाही तर तो जुलूम होईल. नुसते शिकवले आणि घाबरवले नाही तर जुन्या सवयीने जाड झालेली माणसे हलणार नाहीत. म्हणून दोन्ही हवे. लूकच्या शुभवर्तमानातल्या मेजवानीच्या दाखल्यात यजमान आपल्या चाकराला सांगतो की रस्त्यावरच्यांना आग्रहाने आत आण. ते वाक्य ऑगस्टीनने सक्तीच्या बाजूने उभे केले, आणि पुढची हजार-बाराशे वर्षे ते तसेच उभे राहिले.

या काळातले एक पत्र मला पुन्हा पुन्हा वाचावे लागले. काही डोनाटिस्टांनी एका धर्मगुरूचा खून केला होता आणि दुसऱ्याचा डोळा काढून बोट तोडले होते. खटला चालवणारा शाही अधिकारी मार्सेलिनस याला ऑगस्टीन लिहितो की यांना ठार मारू नका, यांचे अवयव तोडू नका. विनंती मोठ्या मनाची आहे, हे विसरता कामा नये. मारल्या गेलेल्यांत त्याचीच माणसे होती. त्याच ओघात तो अधिकाऱ्याची स्तुती करतो. गुन्ह्याचा कबुलीजबाब तुम्ही ताणण्याच्या घोड्यावर, लोखंडी आकड्यांनी किंवा आगीने काढला नाहीत, फक्त छड्यांनी काढलात. आणि छडी तर शाळामास्तरही वापरतात, आईबापही वापरतात, बिशपही आपल्या न्यायासनापुढे वापरतात.

घोडा आणि आकडे. ‘कन्फेशन्स’मध्ये मास्तरांची छडी याच हत्यारांच्या रांगेत उभी होती; पोराच्या भीतीला दोन्ही सारखीच होती, आणि ते न कळणाऱ्या मोठ्यांवर लेखकाचा राग होता. बारा-पंधरा वर्षांनी तीच छडी त्या हत्यारांच्या विरुद्ध बाजूला, सौम्यतेचा नमुना म्हणून उभी आहे. एकदा ऑगस्टीन मार खाणाऱ्याच्या जागी उभा राहून लिहीत होता, आता मारणाऱ्याच्या. हसणाऱ्या मोठ्या माणसांत तोही जाऊन बसला, असे म्हणणे कठोर होईल. तो हसत नव्हता. पण जागा तीच होती.

भूमिका बदलल्याचे समर्थन पुष्कळ अभ्यासक त्या काळच्या दंगलींकडे बोट दाखवून करतात, आणि दंगली खऱ्याच होत्या. माझा आक्षेप वेगळा, त्याच्याच घरातला आहे. कळणे जर माणसाच्या आत, त्या एका गुरूच्या उजेडात घडत असेल, तर छडी त्या उजेडापर्यंत पोचणार कशी? ती माणसाला दारापर्यंत आणील, ओठ हलवायला लावील. पुढचे काम पुन्हा देओग्रातियसलाच करावे लागणार, आणि तेही भीतीने ढिम्म झालेल्या श्रोत्यापुढे. भीती हे ढिम्मपणाचे एक कारण म्हणून ऑगस्टीननेच नोंदवले होते. बदल परिणाम पाहून झाला, असे तो म्हणतो. पण परिणाम मोजायचे ते माणसे परत आली यावरून, की ती शिकली यावरून? शिक्षकाच्या यशाची चर्चा आजही याच ठिकाणी घसरते.

त्याची भीतीही गेली नव्हती. ‘देवाची नगरी’च्या शेवटच्या भागांपैकी एकात, सत्तरी ओलांडलेला ऑगस्टीन शाळेतल्या शिक्षांचा उल्लेख करून विचारतो की मरण किंवा पुन्हा बालपण यांतले एक निवडा म्हटले तर बालपणाला भिऊन मरण निवडणार नाही असा कोण आहे? 430 मध्ये व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातलेला असताना तो वारला.

त्याचे दोन्ही वारसे पुढे युरोपभर एकत्रच हिंडले, आणि एके काळी एकाच जहाजातून आपल्या किनाऱ्यावरही उतरले. ऑगस्टीनचे नाव धारण करणारा संन्यासी संघ 1572 मध्ये गोव्यात आला. त्यांच्या मंदिराचा उरलेला मनोरा जुन्या गोव्यातल्या टेकडीवर अजून उभा आहे. त्याआधीच, 1559 च्या पोर्तुगीज राजाज्ञेने, अनाथ हिंदू मुले सेंट पॉलच्या विद्यालयाच्या ताब्यात देऊन त्यांना बाप्तिस्मा व ख्रिस्ती शिक्षण द्यावे असे ठरले होते. 1567 मध्ये सासष्टीतली देवळे पाडली गेली. आग्रहाने आत आणण्याच्या त्या दाखल्याचे हे टोक.

आणि त्याच सासष्टीत इंग्लंडहून आलेला एक जेझुइट, थॉमस स्टीफन्स, मराठी शिकत होता. त्याच्या ‘क्रिस्तपुराणा’तली मराठीच्या थोरवीची ओवी आपण अभिमानाने म्हणतो, त्याच ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग मात्र फारसा कोणी सांगत नाही. धर्मशिक्षण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काही द्याल की नाही? प्रश्नात शिष्याची नम्रता आहे आणि हिरावून घेतल्याची बोचही आहे. स्टीफन्सने ती बोच पुसून टाकली नाही, ग्रंथात ठेवली. आणि उत्तर म्हणून सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा जवळपास अकरा हजार ओव्यांत रचली. मधूनमधून श्रोते अडवतात, शंका काढतात, पाद्री थांबून उत्तर देतो. विचारणाऱ्याची भाषा, त्याचा छंद, त्याची पुराण ऐकण्याची सवय, सगळे जिथल्या तिथे ठेवून तो त्याच्याकडे खाली उतरतो. देओग्रातियसला सांगितलेले याहून वेगळे काय होते? फक्त हे की या वर्गाबाहेर पाडलेली देवळे होती, आणि विचारणाऱ्यालाही ते ठाऊक होते.

हे पुराण 1616 मध्ये रायतूरला छापले गेले, मग 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा. 27 जून 1684 रोजी व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने फर्मान काढले की गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, आणि पाद्री व शिक्षकांनी शिकवणी त्याच भाषेतून द्यावी. ‘क्रिस्तपुराणा’ची यानंतरची छापील आवृत्ती निघाली ती मंगळुरात, 1907 साली.